फ्रेंच टोस्ट: पावाच्या आत शिजणारं कस्टर्ड

“आई, हे ऑम्लेटच आहे. पावाला गुंडाळलेलं.”

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना हे बोलला आणि ताटली पुढे सरकवून दिली. राग आला, कारण तो खरं बोलत होता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर मिलिलिटर मोजायचे, घड्याळ लावून बसायचं, आकडा लिहून ठेवायचा. आणि घरी आल्यावर? दोन अंडी फोडली, दुधाची धार सोडली, ब्रेड बुडवला आणि तव्यावर टाकला. कधी बरा व्हायचा, कधी बाहेर काळा आणि आत गिळगिळीत. का, ते कधी कळायचं नाही, कारण मागच्या वेळी काय केलं होतं तेच आठवायचं नाही.

मग एका जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर नोंदी सुरू केल्या. पहिल्या पानावर लिहिलंय: “ताजा ब्रेड, पातळ. आच मोठी. २ मिनिटं. बाहेर करपलं, मधे लगदा. नवऱ्याने खाल्लं.” पुढची बरीच पानं याच चालीची आहेत, आणि शेवटचं वाक्य बहुतेक नोंदींत सारखंच आहे.

बऱ्याच रविवारांनंतर एक गोष्ट डोक्यात बसली. फ्रेंच टोस्ट म्हणजे अंडं लावून भाजलेला ब्रेड नव्हे. ते कस्टर्ड आहे, म्हणजे मंद आचेवर घट्ट झालेलं दूध-अंड्याचं मिश्रण, फक्त वाटीऐवजी ब्रेडच्या भोकांत शिजतं. ब्रेड हे भांडं. भांडं आधीच ओलं असेल तर त्यात फार मावत नाही, आणि आच मोठी असेल तर आतलं शिजायच्या आधी भांडंच जळतं. माझ्या डायरीतले जवळजवळ सगळे घोटाळे या दोनांपैकी एकात बसतात.

आधी माप सांगते. २ सेंटिमीटर जाडीच्या ४ स्लाइस, म्हणजे दोन माणसांचा पोटभर नाश्ता. त्याला २ मोठी अंडी, १२० मिली दूध (साय न काढलेलं), १ टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, अर्धा टीस्पून व्हॅनिला इसेन्स, पाव टीस्पून दालचिनीची पूड. तव्यासाठी दीड-दोन टेबलस्पून बटर. लक्षात ठेवायचं ते एवढंच: एका अंड्याला ६० मिली दूध, दोन स्लाइस. माणसं वाढली की सगळं त्याच पटीत. अंडं जास्त झालं की ऑम्लेटची चव येते, दूध जास्त झालं की आतलं नीट घट्ट होत नाही आणि स्लाइस उचलताना मधोमध वाकते.

आता ब्रेड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

फ्रेंच भाषेत या पदार्थाला ‘पाँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे हरवलेला, वाया गेलेला पाव. जर्मनमध्ये याचं नाव ‘आर्मे रिटर’, गरीब सरदार. रोमन काळातल्या एका पाककृतिसंग्रहातही पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून, तळून, वरून मध ओतायची कृती आहे. तिच्यात अंड्याचा उल्लेख नाही. म्हणजे हा पदार्थ मुळात शिळ्या पावाचाच. ताजा, लुसलुशीत ब्रेड आणून फ्रेंच टोस्ट करायला बसणं म्हणजे उलट्या बाजूने सुरुवात करणं. मी कित्येक वर्षं तेच करत होते. पाहुणे येणार म्हणून मुद्दाम ताजा ब्रेड आणायचे आणि उलथन्यावर अर्धी स्लाइस घेऊन उभी राहायचे, उरलेली अर्धी तव्यावर.

शिळा आणि कोरडा यात मात्र फरक आहे, आणि हे मला उशिरा कळलं. पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला ब्रेडही दोन दिवसांत कडक लागतो, तो पाणी उडालं म्हणून नव्हे. त्यातल्या स्टार्चची रचना बदलते, ते पुन्हा घट्ट बसतं. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर होतं. अशा ब्रेडमध्ये पाणी बरंचसं तसंच असतं. आपल्याला हवी असते ती रिकामी जागा, म्हणजे पाणी खरंच उडालेलं हवं. म्हणून रात्री स्लाइस जाळीच्या रॅकवर उघड्या मांडून ठेवते, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशा. सकाळी त्या वरून खरखरीत लागतात, आणि दाबल्या तर मधे अजून थोड्या नरम असतात. तेवढं पुरे.

रात्री विसरलात तर ओव्हन आहेच. १५० अंश सेल्सिअसवर १० ते १५ मिनिटं, मधे एकदा उलटवून. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वाळवायचं. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू शेकून घ्या. टोस्टरमध्ये घालायचा मोह होतो, पण तो वरची बाजू लाल करतो आणि आतला ओलावा आतच ठेवतो. मी करून पाहिलंय. डायरीत पुढे लिहिलंय, “बिस्किटावर अंडं.”

एकदा वजनही करून बघितलं, लॅबची सवय. ४० ग्रॅमची वाळवलेली स्लाइस मिश्रणातून काढली तेव्हा ९० ग्रॅमच्या थोडी वर भरली आणि उचलताना सरळ राहिली. ताज्या स्लाइसने त्याहून खूपच कमी प्यायलं, तरी ती मधोमध लोंबायला लागली. त्या दिवसानंतर ताज्या ब्रेडचा विषय आमच्या घरात संपला.

कुठला ब्रेड? जाड कापलेला साधा सँडविच ब्रेड उत्तम चालतो. ब्रिऑश (फ्रेंच लोकांचा मऊ पाव) किंवा हाला (ज्यू लोकांचा वेणीसारखा पाव) असेल तर चैन, कारण त्यात अंडं आणि स्निग्धांश आधीच असतो. पण तो भराभर पितो आणि भिजल्यावर नाजूक होतो, म्हणून भिजवायचा वेळ निम्मा करा. सावरडोला (आंबवलेल्या पिठाच्या चिवट पावाला) उलट वेळ जास्त द्यावा लागतो, आणि मोठी भोकं असतील तर त्यांतून मिश्रण तव्यावर सांडतं. आयत्या कापून मिळणाऱ्या पातळ स्लाइसही चालतील, पण त्यात आतला मऊ थर जवळपास उरतच नाही. अख्खा ब्रेड मिळत असेल तर घरी कापा. आणि कडा कापू नका. स्लाइस ओली झाल्यावर तिला आकारात धरून ठेवणारी तीच एक गोष्ट असते. मुलांना कडा आवडत नसतील तर ताटलीत वाढताना कापा.

मिश्रणाकडे वळू. दालचिनी पाण्यात विरघळत नाही. दुधात टाकली की वर तरंगते, पहिली स्लाइस बुडवली की सगळी तिलाच चिकटते, आणि चौथ्या स्लाइसच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून पसरट भांड्यात आधी साखर, मीठ आणि दालचिनी कोरडीच एकत्र करायची. त्यावर अंडी फोडायची आणि दूध न घालता फेटायची. दूध आधी घातलं तर अंड्याचा पांढरा भाग त्यात निसटत राहतो, नीट मोडत नाही. काट्याने किंवा व्हिस्कने पांढऱ्याच्या तारा दिसेनाशा होईपर्यंत फेटा, साधारण अर्धा मिनिट. काटा उचलल्यावर मिश्रण पाण्यासारखं पडायला हवं, शेंबडासारखं लोंबायला नको. शब्द घाण आहे, पण नेमका आहे. मग थोडं थोडं दूध आणि शेवटी व्हॅनिला.

त्यानंतर गाळणीतून गाळून घ्या. हे मी आधी नखरा समजायचे. गाळणीत बघाल तर बलकाला बांधून ठेवणारे पांढरे दोरे आणि न मोडलेला पांढरा भाग उरलेला दिसेल. तव्यावर स्लाइसच्या काठाला जी पांढरी झालर तयार होते ती याचीच. मुलाच्या ‘ऑम्लेट’ या आरोपाचा निम्मा पुरावा त्या झालरीत होता.

उरलेला निम्मा वासात होता. अंड्याचा तो खास वास मुख्यतः पांढऱ्या भागातल्या गंधकयुक्त प्रथिनांमुळे येतो, आणि जास्त तापवलं की वाढतो. घरात कुणाला तो सोसत नसेल तर २ अख्ख्या अंड्यांऐवजी १ अख्खं अंडं आणि २ बलक घ्या, दूध तेवढंच ठेवा. रंग छान पिवळा येतो, चव दाट लागते. माझ्याकडे आता हेच चालतं. उरलेला पांढरा भाग मी नवऱ्याच्या ऑम्लेटमध्ये ढकलते.

दूध फ्रिजमधून काढलेलं गार नको, कोमट हवं. कोमट म्हणजे बोट बुडवलं तर काहीच जाणवू नये इतपत. एकदा घाईत गरम दूध ओतलं आणि भांड्यात अंड्याचे धागे तयार झाले, सगळं ओतून द्यावं लागलं. दूध कोमट असेल तर त्यात एक टेबलस्पून वितळलेलं बटरही घालता येतं. गार दुधात ते गोठून कण होतात. मीठ वगळू नका. गोड पदार्थाला मीठ कशाला, असं वाटतं, पण एकदा बिनमिठाचं करून शेजारी ठेवून खा. ते नुसतं गोड लागतं, त्याला दुधा-अंड्याची चव अशी नसतेच. साखर मात्र एका टेबलस्पूनपलीकडे नेऊ नका. मिश्रणात साखर जास्त असली की आत शिजायच्या आधीच बाहेर रंग चढतो. गोडी वरून वाढवता येते.

भिजवायला ताटासारखं पसरट, काठ असलेलं भांडं घ्या. खोल वाडग्यात स्लाइस उभी बुडवली तर खालचं टोक पिऊन फुगतं आणि वरचं कोरडं राहतं. २ सेंटिमीटरच्या वाळवलेल्या स्लाइसला एका बाजूला ३० ते ४० सेकंद, मग उलटवून तेवढेच. रात्री वाळवायचं राहिलंच असेल आणि ब्रेड मऊ असेल तर १० सेकंदांत बाहेर काढा. अगदी खडखडीत झालेल्या पावाला प्रत्येक बाजूला दोन मिनिटंही लागतील. घड्याळापेक्षा बोट बरं: मधोमध हलकं दाबा. कोरडा गड्डा लागला तर अजून थोडं थांबा. स्लाइस भांड्याच्या वर आडवी धरली आणि थेंब टपकायचे थांबले की तव्याकडे न्या. धार लागलेली स्लाइस तशीच टाकली तर तव्यावर तिच्याभोवती अंड्याचं डबकं होतं. आणि एका वेळी तव्यावर मावतील तेवढ्याच बुडवा. चारही भिजवून ताटात रचून ठेवल्या की तिसरी-चौथीचा चिखल होतो.

तवा जाड बुडाचा हवा, नॉनस्टिक असो की बिडाचा. आच मध्यमहून कमी. माझ्या शेगडीवर एक ते नऊ आकडे आहेत, त्यात मी चारवर ठेवते. तुमचा आकडा तुम्हाला शोधावा लागेल, आणि तो शोधायला बटर मदत करतं. बटरमध्ये थोडं पाणी असतं, साधारण सहावा भाग. तव्यावर टाकलं की ते पाणी उडताना फेस येतो. फेस येतोय तोवर तवा नीट तापलेला नाही. फेस बसायला लागला, आवाज मंदावला आणि बटर अजून पिवळंच आहे, ही स्लाइस टाकायची वेळ. टाकल्या टाकल्या दहा सेकंदांत तपकिरी झालं तर आच जास्त आहे. तवा बाजूला उचलून धरा, पुसून घ्या, नवं बटर टाका. जळालेल्या बटरवर टाकलेला टोस्ट कडवटच होतो, वर कितीही मध ओता. तापमानाची भीती वाटत असेल तर निम्मं बटर, निम्मं तूप किंवा बिनवासाचं तेल घ्या. करपतात ते बटरमधले दुधाचे घनभाग, आणि तुपात ते उरलेले नसतात.

स्लाइस टाकली की तिला हात लावू नका. हे सर्वांत कठीण. दर अर्ध्या मिनिटाला उलथनं खाली सरकवून बघायची खाज सुटते, आणि प्रत्येक वेळी तयार होत असलेली साल मोडते. पहिल्या बाजूला ३ ते ४ मिनिटं. काठाजवळचं मिश्रण ओलं चकाकणं सोडून निस्तेज दिसायला लागलं आणि स्लाइस तव्यावर आपोआप सरकली, की एकदाच उलटवा. उलटवताना तव्यात आणखी थोडं बटर सोडा, नाहीतर दुसरी बाजू ठिपक्याठिपक्यांनी भाजते. दुसऱ्या बाजूला साधारण ३ मिनिटं. उलथन्याने दाबायचं नाही! ज्या कस्टर्डसाठी एवढा खटाटोप केला ते पिळून बाहेर निघतं.

इतकी मंद आच का, तर दोन कामं वेगवेगळ्या तापमानाला होतात. अंडं नुसतं असेल तर ६० अंशांच्या थोडं वर घट्ट व्हायला लागतं. दूध-साखर मिसळल्यावर हा आकडा ८० च्या आसपास जातो. बाहेरचा खरपूस रंग आणि वास मात्र १४० च्या पुढे नीट येतो. मोठ्या आचेवर बाहेर दोन मिनिटांत रंग येतो, पण तेवढ्या वेळात मधे उष्णता पोचलेलीच नसते. मंद आचेवर दोन्ही कामं साधारण एकाच वेळी संपतात. स्लाइस अडीच-तीन सेंटिमीटर जाड असेल तर दुसऱ्या बाजूला एक मिनिट झाकण ठेवा आणि मग काढा, म्हणजे वाफेने मधला भाग शिजतो आणि साल पुन्हा कोरडी होते. झाकण तसंच ठेवलं तर साल मऊ पडते.

झालंय की नाही हे कसं कळेल? मधोमध बोटाने दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर कच्चं आहे. दाबलेलं हळूच वर आलं, गालासारखं, तर झालं. शंका असेल तर सुरीचं टोक मधे खुपसा; पातळ मिश्रण लागून आलं तर मंद आचेवर आणखी एक मिनिट. माझ्याकडे खुपसायचा थर्मामीटर आहे, मी मध्यभागी ७५ ते ८० अंश बघते. ७१ च्या खाली असलेलं लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना किंवा गरोदर बाईला देऊ नका, अंडं पुरतं शिजलेलं नसतं.

शेवटी साल चुरचुरीत हवी असेल तर एक युक्ती आहे. दुसरी बाजू होत आली की वर अर्धा टीस्पून साखर भुरभुरवा, स्लाइस उलटवा आणि ३०-४० सेकंद ठेवा. साखर वितळून काचेसारखा पातळ थर होतो. घड्याळावर नजर ठेवा, कारण चाळीस सेकंदांना छान असलेलं साठ सेकंदांना जळकं असतं.

चारहून जास्त स्लाइस करायच्या असतील तर झालेल्या ताटात एकावर एक रचू नका, स्वतःच्याच वाफेने ओल्या होतात. ओव्हन ९०-१०० अंशांवर लावून आत जाळीच्या रॅकवर सुट्या ठेवा; वीस मिनिटं मजेत राहतात. दोन फेऱ्यांच्या मधे तवा कागदाने पुसा, म्हणजे आधीचे काळे कण नव्या स्लाइसला चिकटणार नाहीत.

वर काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मेपल सिरप, मध, पिठीसाखर, आंबटगोड फळं. मला स्वतःला आंबट काहीतरी लागतंच, निदान लिंबाचे चार थेंब, नाहीतर दुसऱ्या तुकड्यानंतर जीभ कंटाळते. मुलगा फक्त बटरचा एक तुकडा आणि मीठ मागतो. गोड टोस्टवर मीठ! पण आता तो सोळा वर्षांचा आहे, आणि तव्यापाशी तोच उभा असतो.

भांड्यात मिश्रण उरलं तर ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. त्यात कच्चं अंडं आहे आणि ओट्यावर अर्धा तास उघडं राहिलेलं आहे. एखादी जास्तीची स्लाइस, नाहीतर ब्रेडची टोकं त्यात बुडवून भाजून टाका. भाजलेले टोस्ट मात्र ठेवता येतात: पूर्ण गार करून, मधे बटरपेपर घालून, हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये महिनाभर. काढल्यावर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रबर होतं. तसेच गोठलेले टोस्टरमध्ये टाका, कमी आकड्यावर, दोनदा. डायरीत या नोंदीपुढे माझ्या अक्षरात ‘उत्तम’ असं लिहिलंय, आणि खाली मुलाच्या अक्षरात: “ताजं जास्त चांगलं. पण शाळेच्या दिवशी चालेल.”